बोर्ड गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका शिक्षिकेचा आहे, थोडक्यात असा. लॅपटॉप २०१९ सालचा. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. वॉरंटी वर्षभरातच संपली. गेली दोन वर्षं मशीन रडतखडत चालतंय, बॅटरी वीस मिनिटं टिकते, उजवी बिजागरी सैल झालीय. मागच्या आठवड्यात वळवाच्या पावसात लाईट दोन-तीनदा गेली-आली आणि त्यानंतर लॅपटॉप चालूच होईना. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेली आतली मुख्य सर्किट पाटी, बदलायला सांगितला, खर्च १९,५०० रुपये. त्याच तोडीचा नवा लॅपटॉप ४८,००० ला मिळतोय. वापरणार मुलगा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा. "दुरुस्त करू की नवा घेऊ?"

मॅडम, नवी पेठेत जिन्याखालच्या एका गाळ्यात मी एकोणीस वर्षं लॅपटॉप उघडतोय. त्यामुळे आधीच सांगून टाकतो: तुम्ही दुरुस्त केलात तर माझ्यासारख्याचं पोट भरतं, नवा घेतलात तर शोरूमवाल्याचं. दोघांचं बोलणं चाळून घ्या. पण हेही खरं की माझ्या टेबलावरून "यात पैसे घालू नका" म्हणून परत पाठवलेली मशीनंही पुष्कळ आहेत, आणि अशी परत गेलेली गिऱ्हाइकंच पुढे पाहुण्यारावळ्यांचे लॅपटॉप घेऊन येतात.

तुम्ही दोन आकडे समोरासमोर ठेवलेत, १९,५०० आणि ४८,०००. सगळेच तसे ठेवतात. माझ्याकडे येणारा दर दुसरा माणूस पिशवीतून लॅपटॉप काढायच्या आधीच विचारतो, "किती होतंय तेवढं सांगा." मी त्याला उलटे दोन प्रश्न विचारतो. नेमकं काय गेलंय? आणि हे नीट केल्यावर पुढचा नंबर कुणाचा आहे? दुरुस्तीचा खर्च किती आला यापेक्षा त्या खर्चानंतर मशीन किती दिवस पुन्हा माझ्या टेबलावर येणार नाही, त्यावर माझा हिशेब चालतो.

आधी पहिला प्रश्न. सेंटरवाल्यांनी सांगितलेले १९,५०० तुमच्या बिघाडाचे पैसे नाहीत, त्यांच्या पद्धतीचे आहेत. अधिकृत सेंटरमध्ये सहसा बोर्डवर सोल्डरिंग करत नाहीत. तिथल्या मुलाला सुटा भाग म्हणून मिळतो तो अख्खा बोर्ड. त्यावरचा एखादा दोन रुपयांचा कपॅसिटर शॉर्ट असो नाहीतर प्रोसेसरच बसलेला असो, त्याच्याकडे उत्तर एकच. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. कंपनीला प्रत्येक गावात सारखं काम हवं असतं आणि ते असंच होतं. पण "बोर्ड गेला" या दोन शब्दांत निदान झालेलं नसतं. ताप आलाय एवढंच कळलेलं असतं.

बोर्डचं काम करणारा माणूस काय बघतो ते सांगतो, म्हणजे तुमच्यासमोर कुणी गोलमोल बोलायला लागला तर ओळखता येईल. सगळ्यात आधी चार्जर. लाईट गेली-आली की पहिला फटका चार्जर खातो, आणि तो बाहेरून धडधाकट दिसतो. हिरवा दिवा लागतोय म्हणजे चार्जर चांगला असं काही नसतं. मोजताना १९ व्होल्ट दाखवतो आणि लोड आला की मान टाकतो. म्हणून त्याच वॅटचा दुसरा चार्जर लावून बघायचा. त्यात तुमची बॅटरी जवळपास मेलेली आहे. चांगली बॅटरी असलेला लॅपटॉप लाईट गेल्याचं मनावरही घेत नाही, मेलेल्या बॅटरीचा मात्र दर वेळी धाडकन बंद पडतो. असं दोन वर्षं चाललं असेल तर हार्ड डिस्कने किती धक्के खाल्ले असतील त्याचा विचार करा.

चार्जर ठीक निघाला तर बोर्ड बाहेर काढून डीसी पॉवर सप्लायवर लावतो. हा सप्लाय किती अँपिअर करंट जातोय ते दाखवतो, आणि निम्मं निदान त्या काट्यावरच होतं. काटा शून्यावरून हललाच नाही तर करंट आतच शिरत नाहीये: चार्जिंगचा जॅक, करंट चालू-बंद करणारा सुरुवातीचा मॉस्फेट किंवा फ्यूज. काटा एकदम वर उडाला आणि सप्लायने हात वर केले तर शॉर्ट आहे. मग शॉर्ट असलेल्या लाइनवर अगदी कमी व्होल्टेज सोडायचं आणि बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवायचा. जो भाग शॉर्ट असतो तो तापतो आणि त्याच्यावरचं अल्कोहोल सगळ्यांच्या आधी उडून जातं. बहुतेक वेळा तो मोहरीएवढा सिरॅमिक कपॅसिटर असतो. तिसरा प्रकार म्हणजे मशीन थोडा करंट घेतं, पंखा किंचित फिरतो आणि थांबतो. तिथे बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरची चिप, चार्जिंगचा आयसी (छोटी चिप), रॅम, आणि सगळ्यात शेवटी प्रोसेसर असा शोध घ्यावा लागतो.

पहिल्या दोन प्रकारांत माझ्या टेबलावर दोन ते चार हजारांत काम होतं. तिसऱ्यात बायोस नुसता पुन्हा भरायचा असेल तर दीड हजार, आयसी बदलायचा असेल तर साडेतीन-चार. काही आयसी बाजारात सुटे मिळतच नाहीत. मग तशाच मेलेल्या बोर्डवरून, ज्याला आम्ही डोनर म्हणतो, काढून बसवावे लागतात. पुण्याहून डोनर मागवला तर दोन-तीन दिवस जास्त धरा. ही सगळी माझ्या गाळ्यातली किंमत आहे, दुसरीकडे थोडं कमीजास्त.

आता न करण्याची कामं. प्रोसेसर किंवा ग्राफिक्सची चिप स्वतःच गेली असेल तर थांबा. बोर्डचा आतला थर जळून भोक पडलं असेल तर थांबा. आणि कुणीतरी आधीच त्यावर हीट गन मारून ठेवली असेल तर माझ्यासारख्याच्या हातापाया पडूनही उपयोग नाही. बोर्ड हातात घेतल्यावर प्लॅस्टिकचे कनेक्टर वितळलेले, फ्लक्सचे पिवळे डाग पसरलेले दिसले की मी सरळ नाही म्हणतो.

हे मी शहाणपणाने शिकलो असं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका भावाचा लॅपटॉप आला, वेगळी ग्राफिक्स चिप असलेला, स्क्रीन काळी. मी चिपला हीट दिली, खालचे सोल्डरचे गोळे नवे केले, साडेतीन हजार घेतले. मशीन लागलं, दोघं खूश. चाळीस दिवसांनी परत आलं. पुन्हा केलं, फुकट. तिसऱ्यांदा ते ऐन लग्नसराईत बसलं, आत तीन अल्बम अडकलेले. बिघाड चिपच्या खालच्या गोळ्यांत नव्हताच. चिपच्या पोटात, सिलिकॉन आणि ते ज्यावर बसतं त्या पाटाच्या मधल्या बारीक जोडांत होता. हीट दिली की ते जोड तेवढ्यापुरते चिकटतात आणि आपल्याला वाटतं आपण दुरुस्त केलं. पैसे परत दिले, दोन आठवडे माझं स्वतःचं मशीन त्याला वापरायला दिलं. तेव्हापासून जुनीच चिप तापवून "चालू करून देतो" हे काम बंद. तुम्हाला कुणी हजार-दीड हजारात हीट मारून देतो म्हणाला तर तो बिघाडाची तारीख पुढे ढकलतोय एवढंच समजा.

चहा-पाण्याचंही थोडक्यात सांगतो, कारण ते वरचेवर येतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या लॅपटॉपवर चहा सांडला आणि तिने तो तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. तांदूळ मशीनच्या आतलं पाणी फारसं ओढत नाही, आणि साखर-दूध तर तो ओढूच शकत नाही. तीन दिवसांत चिपांच्या पायांना हिरवट बुरशीसारखा गंज चढला होता. त्याच संध्याकाळी बंद करून, चार्जर काढून, उलटा धरून आणला असता तर बोर्ड धुऊन हजारभरात काम झालं असतं. अशा मशीनला आज चालू करून दिलं तरी महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात गंज डोकं काढतो. तिला मी नवा घ्यायला सांगितला.

आता दुसरा प्रश्न, पुढचा नंबर कुणाचा. तुमच्या मशीनमध्ये रांग स्पष्ट दिसतेय.

सगळ्यात पुढे उभी आहे हार्ड डिस्क. सहा-सात वर्षं चाललेली फिरती डिस्क, तीही झटके खात चाललेली. तुमचं मशीन दोन वर्षं मंद आहे त्याचं मुख्य कारण मला तरी हेच दिसतं. फिरती डिस्क साधारण सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, आणि विंडोजला लागतात तशा हजारो बारीक फाइल एकदम मागितल्या तर त्याच्या कितीतरी खाली येते. साधी साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपांवरची डिस्क, ५०० च्या घरात जाते आणि बारीक फाइलींना दमत नाही. चालू व्हायला तीन मिनिटं घेणारं मशीन वीस सेकंदांत उभं राहतं. "प्रोसेसर जुना झाला" म्हणून टाकायला काढलेल्या कितीतरी मशीनांचा प्रोसेसर ठणठणीत होता, त्याला वाट बघायला लावणारी डिस्क म्हातारी झाली होती. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. त्यात पिवळा रंग दिसला की त्याच दिवशी डेटा काढून घ्यायचा.

नंतर बॅटरी. ही काही बिघडत नाही, खर्च होते. लिथियमच्या सेलला साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जचं आयुष्य असतं, त्यानंतर क्षमता उतरत जाते. आणि उष्णतेत हे सगळं लवकर होतं. एप्रिल-मे मध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंश, वर पत्र्याचं छप्पर, आणि लॅपटॉप दिवसभर चार्जरला: सोलापुरात बॅटरीची पाच वर्षं झाली तर ती सोशीक म्हणायची. विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, इंग्रजीत पॉवरसीएफजी लिहून एक जागा सोडायची, मग तिरकी रेघ आणि लागून बॅटरीरिपोर्ट लिहायचं. जो अहवाल निघतो त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी-शेजारी असतात. आजची निम्म्याच्या खाली असेल तर बदला. मात्र टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल तर अहवालाची वाट बघू नका, चार्जर काढा आणि बॅटरी काढून घ्या. फुगलेल्या बॅटरीला टोचून "गॅस काढणारे" महाभाग मी पाहिलेत, ती पेटते. आणि ती भंगारवाल्याच्या पोत्यातही टाकू नका.

बिजागरीकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि तीच सगळ्यात जास्त नुकसान करते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपांत बिजागरीचे स्क्रू पितळेच्या छोट्या नटांत बसतात आणि ते नट प्लॅस्टिकमध्ये गाडलेले असतात. काही वर्षांनी बिजागरी घट्ट होते, नट प्लॅस्टिक फोडून बाहेर येतात, आणि रोजच्या उघड-झापीत स्क्रीनची पट्टी चिरडली जाते. दीड हजाराचं काम मग सहा हजारांच्या स्क्रीनवर जातं. अराल्डाइट लावून चिकटवणं सहा महिने टिकतं. नीट करायचं तर बॉडीचा तो भागच बदलायचा. तोवर झाकण एका कोपऱ्याला धरून उघडू नका, वर मधोमध धरून उघडा. एवढ्यानेही वर्ष निघतं.

धुळीचं इथे वेगळंच आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराच्या ऑफिसातून लॅपटॉप आला होता, "गरम व्हालंय आणि मधेच बंद पडालंय" म्हणून. त्यात त्यांचा सगळा टॅलीचा हिशेब. नव्या मशीनचं कोटेशनही मागवून झालं होतं. उघडून बघतो तर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे कापसाच्या तंतूंचा नमदा बसलेला, जवळजवळ टॉवेलच विणला गेला होता. प्रोसेसर शंभर अंशांपर्यंत तापायचा आणि स्वतःला वाचवायला बंद पडायचा. साफ करून नवी थर्मल पेस्ट लावली, ६०० रुपये घेतले. घरातही हेच होतं, फक्त सावकाश. आपली चादर अख्ख्या देशात जाते, तिच्या उबेबद्दल कुणाला शंका नाही, पण लॅपटॉप तिच्यावर ठेवून वापरला की खालच्या जाळ्या बंद होतात आणि तीच ऊब प्रोसेसरला मिळते. माझ्याकडे पंखा गेला म्हणून येणाऱ्यांत गादीवर अभ्यास करणारी मुलं सगळ्यात जास्त.

आता एक रेघ अशी आहे जी हार्डवेअर चांगलं असूनही ओलांडता येत नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर बहुतेक करून आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे २०१६-१७ चा सहाव्या-सातव्या पिढीचा लॅपटॉप कितीही चकाचक असला तरी अधिकृतपणे दाराबाहेर. तुमचा आठव्या पिढीचा आहे, जेमतेम आत. हे तुमच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण आहे; हेच मशीन दोन वर्षं आधी घेतलेलं असतं तर माझं उत्तर बदललं असतं. जुन्या मशीनांना लिनक्सचा रस्ता आहे, आणि पेन्शनीतल्या एका काकांच्या २०१२ च्या लॅपटॉपवर मी एसएसडी आणि लिनक्स मिंट टाकून दिलंय, पेपर वाचायला, कीर्तन ऐकायला त्यांचं मस्त चाललंय. पण ऑफिसचं ठरावीक सॉफ्टवेअर लागणाऱ्याला ते गळ्यात बांधू नये.

आता तुमचा हिशेब. समजा बोर्डचं काम साडेतीन हजारांत झालं. ५१२ जीबी एसएसडी पाच हजार धरा. रॅम आणि एसएसडीचे भाव अलीकडे चढलेत, म्हणून घ्यायच्या दिवशीचा भाव विचारा. बॅटरी अडीच हजार, बिजागरी दीड. एकूण १२,५००. यात मशीन आणखी दोन वर्षं चाललं तर वर्षाला ६,२५० पडले. नवा ४८,००० चा लॅपटॉप पाच वर्षं चालला तर वर्षाला ९,६००. दुरुस्ती जिंकली, तीही बऱ्यापैकी. पण हेच गणित सेंटरच्या आकड्यावर करून बघा: १९,५०० चा बोर्ड, वर तेच नऊ हजार, मिळून २८,५००, दोन वर्षांना वाटले तर वर्षाला १४,२५०. इथे नवा जिंकतो. एकच मशीन, एकच बिघाड, आणि उत्तर बोर्ड कोण कसा नीट करतो यावर फिरलं.

बाजारात एक ठोकताळा फिरतो, की दुरुस्ती नव्याच्या निम्म्याच्या वर गेली तर नवा घ्या. मला तो फारसा पटत नाही. ४८,००० चं निम्मं २४,०००. म्हणजे त्या नियमाने १९,५०० चा बोर्ड घ्यायला हरकत नाही! आणि आज तुमचा लॅपटॉप चालू स्थितीत विकायला नेला तर बारा हजार मिळाले तरी डोक्यावरून पाणी. बारा हजारांच्या वस्तूत साडेएकोणीस हजारांचा एकच भाग घालायचा, आणि उरलेले सगळे भाग जुनेच. मी तो नियम असा वळवून वापरतो: एका वेळचा बोर्डवरचा खर्च मशीनच्या आजच्या विकत्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आत राहावा. एसएसडी त्यात धरत नाही, कारण लॅपटॉप उद्या गेला तरी एसएसडी तीन-चारशेच्या केसमध्ये घालून बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते. ते पैसे बुडत नाहीत. बोर्डवरचे बुडतात.

मुलाच्या बाजूनेही बघायला हवं. कॉम्प्युटर शाखेच्या दुसऱ्या वर्षाला प्रोग्रामिंग, डेटाबेस, वेब ही कामं आठव्या पिढीच्या आय-फाइव्हवर एसएसडी असेल तर आरामात होतात. तिसऱ्या वर्षापासून अँड्रॉइड स्टुडिओ, व्हर्च्युअल मशीन वगैरे आलं की ८ जीबी अपुरी पडते. त्या काळच्या बऱ्याच मॉडेलांत रॅमचा एक स्लॉट मोकळा असतो, काहींत थोडी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आणि शेजारी एक स्लॉट. बोर्ड बाहेर असतानाच ते बघून घ्या. वाढत असेल तर आज घाई नको, गरज पडेल तेव्हा टाकू. वाढतच नसेल तर मात्र दोन वर्षांऐवजी एकच वर्ष धरून वरचं गणित पुन्हा करा: १२,५०० एका वर्षाला, मग नवा घेतलेला बरा.

नवा घ्यायचं ठरलं तरी एक गोष्ट करू नका. "दुरुस्तीत बारा घालण्यापेक्षा अजून बारा-पंधरा टाकून नवाच येतो" म्हणून पंचवीस-अठ्ठावीस हजारांचा, सेलेरॉन हा साधा प्रोसेसर, ४ किंवा ८ जीबी सोल्डर केलेली रॅम आणि ईएमएमसी, म्हणजे बोर्डलाच चिकटवलेलं स्टोरेज असलेला लॅपटॉप लोक घेऊन येतात आणि वर्षभरात माझ्याकडे विचारतात, "भाऊ, हे जरा फास्ट करता येईल का?" करता येत नाही, सगळं बोर्डला चिकटलेलं असतं. तुमचा सात वर्षांचा आय-फाइव्ह एसएसडीसकट त्याच्यापेक्षा चांगला पळेल. त्या पैशात घ्यायचंच असेल तर मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले वापरलेले लॅपटॉप, थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे, बघा. त्यांची बॉडी आणि बिजागरी घरगुती मॉडेलांपेक्षा कितीतरी दणकट असते आणि बरेचसे भाग बदलता येतात. घेताना बायोसला पासवर्ड नाही ना, प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा वरचा आहे ना, बॅटरीचा अहवाल काय म्हणतो, आणि पक्कं बिल मिळतंय ना, एवढं दुकानातच बघून घ्यायचं. बिल नसेल तर चोरीचा माल गळ्यात पडू शकतो.

डेटाचं वेगळं बोलतो कारण लोक दोन्ही एक समजतात. बोर्ड मेला म्हणजे तुमचे फोटो, प्रश्नपत्रिका, मुलाचं सबमिशन गेलं असं नाही. तुमच्या मॉडेलात डिस्क सुटी निघते. ती दुसऱ्या मशीनला लावली की फाइली मिळायला हव्यात. पण विंडोजने डिस्क परस्पर एनक्रिप्ट केलेली असू शकते, आणि मग बोर्ड बदलल्यावर किंवा डिस्क दुसरीकडे लावल्यावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. आजच मोबाइलवरून लॉगिन करून ती आहे का बघा आणि वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे असे लोक आलेत की बोर्ड लागला, डिस्क शाबूत, आणि अकाउंट कुठल्या ईमेलने उघडलं होतं तेच आठवत नाही. तिथे कुठलाही चिप-लेव्हलवाला, म्हणजे बोर्डवरचे बारीक भाग दुरुस्त करणारा, काही करू शकत नाही.

दुकान कुठलंही निवडा, माझ्याकडेच या असं नाही. न उघडता फोनवर "मदरबोर्ड गेलाय" सांगणाऱ्याकडे जाऊ नका. तपासणीचे दोन-तीनशे घेतले तर द्या, पण काय सापडलं ते बोर्डवर बोट ठेवून दाखवायला सांगा. देण्याआधी सिरीयल नंबरचा, आणि मागचं झाकण उघडत असेल तर रॅम-डिस्कचाही फोटो काढून ठेवा. डिस्क तुम्हीच काढून घरी ठेवली तर उत्तम, बोर्डच्या कामाला ती लागत नाही. बदललेला भाग परत मागा. बोर्डच्या कामावर एक ते तीन महिन्यांची हमी मिळते. ती बिलावर लिहून घ्या. आणि सगळे पैसे एकदम घालू नका. आधी फक्त बोर्ड. तो लागला की आठवडाभर वापरा. मग एसएसडी. बॅटरी आणि बिजागरी त्यानंतर.

माझं उत्तर असं: सेंटरचा १९,५०० चा बोर्ड नको. आधी चिप-लेव्हलला तपासून घ्या. चार हजारांच्या आत होत असेल आणि रॅम वाढत असेल, तर करा आणि मुलाचं तिसरं वर्ष संपेपर्यंत चालवा. प्रोसेसर गेलाय असं निघालं तर एक पैसाही घालू नका. मेलेलं मशीनही स्क्रीन, रॅम आणि बॉडीसाठी दोन-अडीच हजारांना आमच्यासारखे घेतात, डिस्क काढून घ्या आणि ते पैसे नव्यात टाका.

आणि कुठेही नेलात तरी सोबत चार्जर घेऊन जा. निम्मे लोक तो घरीच विसरतात, आणि गेल्या महिन्यात असाच एक "बोर्ड गेलेला" लॅपटॉप माझ्याकडच्या चार्जरवर पहिल्याच फटक्यात सुरू झाला.